थालीपीठ द्वारकेपर्यंत जात नाही

नाना देवरे गुरुवारी सकाळी नऊ वाजून पन्नास मिनिटांनी गेले. दहा वाजता मी जिना उतरून खाली आलो. त्यांच्या भोजनालयाचं शटर बंद होतं. शेजारच्या औषधवाल्याने मला सांगितलं. मी पुन्हा वर गेलो.

चौदाव्या दिवशी नानांची मुलगी रेवती माझ्याकडे आली. ती बँकेत आहे आणि रोज सिन्नरला अपडाउन करते. सोफ्याच्या कडेवर बसून ती म्हणाली, "सर, बंद नाही करायचं. जनाक्का स्वयंपाक बघेल, मी सकाळ-संध्याकाळ येऊन जाईन. पण बाबांचे ते दोन मेनू मला जमणार नाहीत. टेबलं काढते. नुसतं ॲपवर चालवू. तुम्ही मला एकच यादी करून द्या."

मी हो म्हटलं. तिचं काही चुकत नव्हतं.

त्याला आता तीन दिवस झाले. माझ्यासमोर भोजनालयातून वर आणलेले दोन लाकडी खण आहेत. एकात सव्वीस कार्डं, दुसऱ्यात सतरा. एक यादी करायची म्हणजे दुसऱ्या खणातली सतरा कार्डं काढून ठेवायची. काम पाच मिनिटांचं आहे. पण सतरा कार्डं म्हणजे सतरा पदार्थ, ते जिथे बसून खाल्ले जायचे ती चार टेबलं, आणि खरं सांगायचं तर माझी सकाळची दहाची वेळसुद्धा. म्हणून मी ती कार्डं काढतो, वाचतो आणि परत ठेवतो.

हे खण काय आहेत हे सांगायचं तर आधी नाना सांगायला हवेत.

पदार्थाला स्कूटरवर बसवून फिरवून आणणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. ॲपवर कुठलाही पदार्थ घालण्याआधी नाना तो डब्यात भरायचे, डबा पिशवीत, पिशवी स्कूटरच्या हुकाला, आणि द्वारकेला जाऊन परत यायचे. आमच्या गल्लीपासून द्वारका चौक तसा दूर नाही; पण तिथे पोचणं आणि तिथून सुटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उड्डाणपुलाखाली चारी बाजूंनी ट्रक, रिक्षा, बस येऊन एकमेकांकडे बघत उभ्या राहतात. नाना मुद्दाम त्यात घुसायचे. परत आले की डबा टेबलावर ठेवून घड्याळ बघायचे, झाकण उघडायचे आणि आत वाकून बघायचे. डॉक्टर पेशंटच्या घशात बघतात तसं.

"गेलं," थालीपीठाचं झाकण उघडून ते म्हणाले होते. "घामाने भिजलं बिचारं. हे द्वारकेपर्यंत जात नाही, सर. मुक्कामी टाका."

मुक्कामी हा शब्द एसटीचा. नानांचं आयुष्य एसटीत गेलं. सटाण्याकडून नाशिकला आले ते कंडक्टर म्हणून, आणि निवृत्त झाले ते स्टँडवर वाहतूक नियंत्रक म्हणून. म्हणजे काचेच्या खोलीत बसून, भोंग्यावरून, कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली आहे ते सांगणारा माणूस. खेड्यात जाऊन रात्रभर तिथेच थांबते ती गाडी मुक्कामी. नानांच्या मते पदार्थही दोन प्रकारचे असतात. काही लांब पल्ल्याचे: मसालेभात, डाळखिचडी, भरीत, शेव वेगळी बांधून दिली तर शेवभाजी. काही मुक्कामी: थालीपीठ, भजी, पिठलं, नागलीची भाकरी. मुक्कामी पदार्थाने तव्यावरून ताटात यावं आणि तिथेच संपावं. त्याला बाहेर काढू नये.

त्यामुळे भोजनालयाचे मेनू दोन. आत, फळ्यावर, त्रेचाळीस पदार्थ. ॲपवर सव्वीस. इतर हॉटेलवालेही दोन मेनू ठेवतात, पण ते भावासाठी. नानांना भावाशी कर्तव्य नव्हतं. "माझ्याकडनं निघालेला प्रवासी पोचला पाहिजे," एवढंच ते म्हणायचे.

बरं, ही वाटणी एकदा करून संपली असती तर गोष्ट वेगळी. ती रोज बदलायची. पाऊस असला तर पापड ॲपवरून काढा. द्वारकेला काम निघालं असेल, रस्ता खोदला असेल, तर पातळ भाज्या काढा. दुपारी तीननंतर मिसळ बंद. "तीन वाजता मिसळ मागवणारा माणूस भुकेला नाही, त्याला कंटाळा आलाय. कंटाळ्यावर आपल्याकडे पदार्थ नाही."

ॲपच्या कंपनीकडून एका मुलीचा दर आठवड्याला फोन यायचा. सर, तुमचे आयटम सारखे ऑफ होतात, सगळे चालू ठेवा ना. नाना घसा साफ करायचे आणि भोंग्यावरच्या आवाजात सांगायचे, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. हवामान दमट असल्यामुळे भजी रद्द करण्यात आलेली आहेत. होणाऱ्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत."

"सर?" ती मुलगी म्हणायची.

"धन्यवाद," नाना म्हणायचे आणि फोन ठेवायचे.

स्वयंपाकघराला दोन खिडक्या होत्या. एक बसणाऱ्यांसाठी, एक पार्सल नेणाऱ्यांसाठी. त्यांचे फलाट क्रमांक एक आणि दोन झाले. जेवताना मध्येच कानावर यायचं, "डाळखिचडी, मार्गे द्वारका, फलाट क्रमांक दोनवर लागलेली आहे." नवीन गिऱ्हाईक दचकायचं. नेहमीचे लोक मान खाली घालून भाकरी मोडायचे.

फलाट दोनवर बहुतेक वेळा इम्रानभाई उभे असायचे. वय पंचेचाळीस, पूर्वी रिक्षा चालवायचे, आता ॲपची पार्सलं पोचवतात. नाना त्यांची पिशवी हाताने दाबून, वाकवून बघायचे.

"इम्रानभाई, ताक आहे. विनाथांबा जायचं. आणि पिशवी सरळ."

"नाना, बॅग सरळच आहे. रोड वाकडा आहे."

"मग रोड सरळ करा."

"महापालिकेला सांगा ना ते. मला कायको?"

पार्सल निघालं की नाना खिडकीच्या कठड्यावर दोनदा थाप मारायचे, कंडक्टर बसच्या पत्र्यावर मारतो तशी. मग इम्रानभाई किक मारायचे. थाप पडल्याशिवाय त्यांनी कधी गाडी हलवल्याचं मला आठवत नाही.

एकदा द्वारकेच्या पलीकडे राहणारा एक माणूस तावातावाने भोजनालयात आला. "ॲपवर थालीपीठ नाही आणि फळ्यावर आहे, ही काय पद्धत झाली?"

"बसा," नाना म्हणाले.

त्याने खाल्लं. खाताना तो शांत झाला. मग म्हणाला, "एक बांधून द्या. आईला न्यायचंय."

"बांधून नाही मिळणार. आईला घेऊन या."

"तिला उठता येत नाही. पाय गेलेत."

नानांनी गल्ल्याला कुलूप लावलं. मग आत वळून ओरडले, "जनाक्का, जादा गाडी!" जादा गाडी म्हणजे वेळापत्रकात नसलेली, यात्रेसाठी सोडतात ती. पंधरा मिनिटांनी मी गॅलरीतून पाहिलं तर नाना पुढे, त्यांच्या मागे जनाक्का, जनाक्काच्या मांडीवर तवा आणि तव्यावर भिजवलेल्या पिठाचा डबा, अशी स्कूटर द्वारकेकडे चालली होती.

जनाक्का हरसूलकडची. परत आली ती बोलतच आली. "मला फटफटीवर बशिवलं आन् मांडीवर तवा. सगळा द्वारका बघत व्हता. त्या म्हातारीच्या घरात गेलो तं सून म्हने, तुमी कोन? म्या काय सांगू? म्हनलं, बाई, आमी थालीपीठ हाय."

"आणि म्हातारी?" मी विचारलं.

"दोन खाल्ली. लय रडली. नाना म्हने, तिखट झालं असंल."

नानांनी फळ्यावरचं थालीपीठ पुसून परत लिहिलं, कारण मघाशी त्याच्यावर कुणाची तरी बाही घासली होती.

आता या सगळ्यात मी कुठे आलो, ते सांगतो. ते थोडं मागचं आहे.

मी एका महाविद्यालयात ग्रंथपाल होतो. भोजनालयाच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. निवृत्त होऊन दीड वर्ष झालं आणि सुधा, माझी पत्नी, गेली. नातेवाईक आले आणि गेले. त्यानंतर मी घराबाहेर पडत नव्हतो. दूध यायचं, ते तापवायचो, ते नासायचं. नानांची माझी ओळख तोवर 'कसं काय' एवढीच होती.

एके दिवशी सकाळी दारावर दोन थापा पडल्या. नाना उभे होते, हातात डबा, कपाळावर घाम.

"सर, एक शंका आहे," ते म्हणाले. "आमटी जिना चढते का, ते बघायचं होतं."

मला कळेना. त्यांनी समजावून सांगितलं. ॲपवर ऑर्डरी येतात त्या वरच्या मजल्यांवरून जास्त. द्वारकेची परीक्षा आपण घेतो, पण जिन्याची कुणी घेतलेली नाही. प्रत्येक पायरीला पदार्थ हलतो. तिसऱ्या मजल्यापर्यंत आमटीचं काय होतं याचा अहवाल हवा होता, आणि तो शिकलेल्या माणसाने दिलेला हवा होता.

मला वाटलं, माणूस वेडा आहे. पण अहवाल मागितला की तो द्यायचा, ही माझी नोकरीतली सवय. मी आमटी खाल्ली. कागदावर लिहिलं: 'डाळ खाली बसलेली, ढवळल्यावर पूर्ववत. फोडणीचा वास टिकून. मीठ योग्य.' नानांनी तो कागद दोनदा वाचला आणि खिशात ठेवला. दुसऱ्या दिवशी भात आणला. भात जिना चढतो का? मग उसळ. मग पोळी. तीन आठवडे रोज एक पदार्थ माझा जिना चढत होता आणि मी अहवाल लिहीत होतो.

बाविसाव्या दिवशी ते रिकाम्या हाताने आले. म्हणाले, "सर, जिना संपला. आता खाली या. मेनूचा फार गोंधळ झालाय. कुठला पदार्थ फळ्यावर, कुठला ॲपवर, माझ्या डोक्यात राहत नाही. तुम्ही एवढी पुस्तकं लावलीत."

मी खाली गेलो. गोंधळ होता, यात शंका नाही. ओल्या फडक्याने अर्धवट पुसलेला फळा, आणि टॅबवर वेगळंच काहीतरी. नानांनी टॅब माझ्यासमोर उलटा धरला आणि गावाकडच्या अहिराणीत म्हणाले, "हाई काय शे, सर? मला यातलं काही समजत नाही. रेवतीने आणून ठेवलंय."

आमच्या ग्रंथालयात संगणक आल्यावर कार्डांचे जुने खण भंगारात निघाले होते. त्यातले दोन मी घरी आणून ठेवले होते. कशासाठी, ते मलाही ठाऊक नव्हतं. ते खाली नेले. एका खणावर लिहिलं 'लांब पल्ला', दुसऱ्यावर 'मुक्कामी'. मला हे फार परकं वाटलं नाही. आमच्याकडेही घरी नेता येणारी पुस्तकं वेगळी आणि संदर्भ विभागातली वेगळी असायची. संदर्भाची पुस्तकं बाहेर जात नाहीत. ज्याला हवीत त्याने येऊन बसून वाचावीत.

प्रत्येक पदार्थाचं एक कार्ड केलं. सवयीने वर डाव्या कोपऱ्यात कर्त्याचं नाव घातलं, कारण कर्त्याशिवाय नोंद पूर्ण होत नाही. 'देवरे, कमल. थालीपीठ.' 'देवरे, कमल. पिठलं.' कमलवहिनी म्हणजे नानांच्या पत्नी. त्यांना जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती, पण निम्मे पदार्थ त्यांचेच होते. नागलीच्या भाकरीवर जनाक्काचं नाव. ते ऐकून तिने पदर तोंडाला लावला.

नानांनी थालीपीठाचं कार्ड हातात घेतलं. दुकानात गिऱ्हाईक उभं होतं, तरी ते बघतच राहिले.

"आडनाव आधी येतं का?" त्यांनी विचारलं.

"हो. यादीत आडनाव आधी."

"बरं दिसतं," ते म्हणाले, आणि कार्ड स्वतःच्या हाताने मुक्कामीच्या खणात ठेवलं.

तेव्हापासून रोज दहा वाजता मी खाली जायचो. ठरलेला कार्यक्रम असा: जनाक्का माझ्यासमोर एक ताटली ठेवायची. नाना समोर बसून विचारायचे, "तर सर, आज कोण कोण निघणार?" मग एकेका कार्डावर चर्चा. हवा, रस्ता, भाजी कशी आली आहे, शेजारी लग्न आहे का. कार्डं या खणातून त्या खणात जायची. शेवटी मी दिवसाची यादी एका कागदावर लिहून द्यायचो. नाना ती खिशात घालायचे. "रेवतीला पाठवतो. ती तिकडून फिरवते." मग मी फळा लिहायचो आणि वर जायचो. पावणेअकरा वाजत आलेले असायचे. उरलेला दिवस त्यामानाने लहान वाटायचा.

आमचं भांडण एकाच पदार्थावर झालं, आणि ते शेवटपर्यंत मिटलं नाही. कढी. कढी सुधाची होती. एका संक्रांतीला तिने खाली पातेलंभर पाठवली होती आणि जनाक्काने तेव्हाच ती शिकून घेतली होती. कार्डावर मी तिचं नाव घातलं. माझं म्हणणं, कढी लांब पल्ल्यावर जावी. का जावी, ते मला नीट सांगता यायचं नाही. ती लोकांच्या घरी जावी, असं वाटायचं, एवढंच.

"फुटते, सर," नाना म्हणायचे. तीन वेळा त्यांनी तिला द्वारकेला नेऊन आणलं. तिन्ही वेळा डब्यात वर पाणी आणि खाली चोथा. मी म्हटलं, बाटलीतून पाठवा. बाटलीतून नेली. "आता बाटलीत फुटली," ते म्हणाले. एकदा मी वैतागून म्हटलं, "नाना, तुम्हाला माझं ऐकायचंच नसेल तर मला खाली बोलावता कशाला?"

त्यांनी कढीचं कार्ड पुढे ओढलं. मग म्हणाले, "ठीक आहे. आज कढीला विनंती थांबा देऊ. लिहा यादीत."

मी लिहिलं. त्या दिवशी मला बरं वाटलं.

इथवर लिहिलं ते शनिवारी. काल रविवार होता. मी दोन्ही खण घेऊन खाली गेलो. रेवतीने शटर अर्धं वर केलं होतं. जनाक्का मागे भांडी घासत होती. टेबलं भिंतीला लावून ठेवली होती, एकावर एक, पाय वर. फळ्यावर अजून नाना गेले त्याच्या आदल्या बुधवारचाच मेनू होता.

मी रेवतीला म्हटलं, "यादी झाली आहे. लांब पल्ल्याचे सव्वीस आहेत तसे घाल. रोज मी नानांजवळ द्यायचो तशीच आहे, तुला सवय असेल."

"कुठली यादी, सर?"

"रोजची. नाना तुला पाठवायचे ना? तू टॅबवर फिरवायचीस."

ती माझ्याकडे बघत राहिली. "मला कधीच काही आलं नाही. मी बँकेत असते त्या वेळेला. फोनला हातसुद्धा लावता येत नाही. बाबाच करायचे सगळं."

"त्यांना टॅब येत नव्हता."

"बाबांना?" ती पहिल्यांदाच थोडी हसली. "एसटीचं अख्खं रिझर्वेशन संगणकावर आलं तेव्हा डेपोत सगळ्यांना यांनीच शिकवलं. हा टॅब मी आणला, आठवडाभरात मला म्हणाले, तू हे चुकीचं करतेस. मलाच शिकवलं त्यांनी, पदार्थ वेळेनुसार बंद कसा करायचा ते."

मागे भांड्यांचा आवाज थांबला होता. "आन् त्या चिठ्ठ्या," जनाक्का म्हणाली, "धुन्यात निघायच्या. रोज सदऱ्याच्या खिशात कागदाचा लगदा. त्यांची धुनंवाली बाई माझ्यापाशी भांडायची. म्हने, ह्ये काय खिशात घेऊन फिरत्यात?"

रेवतीने टॅब उघडला. केलेल्या प्रत्येक बदलाची वेळ त्यात राहते. ती बोटाने वर सरकवत गेली आणि मी शेजारी उभा राहून वाचत गेलो. चष्मा वर राहिला होता, म्हणून तिने अक्षर मोठं करून दिलं.

रोजच्या नोंदी दोन वेळच्या होत्या. पहिली नऊच्या आसपास. म्हणजे नाना घरीच असायचे. हवा बघून, स्वतःच्या मनाने, त्यांनी दिवसाचा मेनू लावून टाकलेला असायचा. दहा वाजता मी खाली यायचो तेव्हा काम झालेलं असायचं. दुसरी नोंद दहा-चाळीसच्या पुढेमागे. त्यात आदल्या नोंदीतल्या एकदोन गोष्टी उलट केलेल्या. पापड चालू. भरीत बंद. त्या माझ्या होत्या. मी वाद घालून जिंकलेल्या. प्रत्येक दिवशी, न चुकता, त्या घातलेल्या होत्या.

"कढी बघ," मी म्हटलं.

तिने शोधून काढलं. तो दिवस सापडला. नऊ वाजून दोन मिनिटं: कढी बंद. दहा वाजून त्रेचाळीस मिनिटं: कढी चालू. दहा वाजून एकोणपन्नास मिनिटं: कढी बंद.

सहा मिनिटं. मी जिना चढून वर पोचेपर्यंत.

मला हसू आलं. नाना गेले त्या गुरुवारपासून आलं नव्हतं. आधी मी एकटाच हसत होतो, मग रेवतीला कळलं आणि तीही हसायला लागली. जनाक्का ओल्या हातांनी बाहेर आली. "काय झालं?" तिला सांगितलं. ती म्हणाली, "मंग? फुटतेच ती. नाना काय लोकांना फुटकी कढी पाठवतील? बाईंचं नाव हाय तिच्यावर."



मग रेवतीने सगळ्यात वरची नोंद दाखवली. त्या गुरुवारची. नऊ वाजून चार मिनिटं. थालीपीठ बंद. भजी बंद. पिठलं बंद. कढी बंद. त्या दिवशी दुसरी नोंद नव्हती.

रेवतीने टॅब मिटला, ओढणीने पुसला.

"सर, मला खरंच दोन मेनू नाही जमायचे," ती म्हणाली. "साडेसातला घर सोडते मी."

"मला माहीत आहे," मी म्हटलं. मला खरोखर माहीत होतं. मी कार्डांचा लांब पल्ल्याचा खण तिच्या हातात दिला.

जनाक्का भिंतीला टेकली होती. "पोरी, मला तं रोज नाश्त्याला कायतरी टाकावंच लागतं तव्यावर. माझ्या एकटीसाठी तवा तापवायचा, त्यात आनखी दोघं-चौघं जेवली तं काय बिघडतं? येक टेबल ऱ्हाऊ दे. मी काय त्या ॲपला नाय सांगायची."

रेवतीने पाय वर केलेल्या टेबलांकडे पाहिलं. मग पुढे होऊन वरचं एक उतरवलं. मी दुसरी बाजू धरली. ते आम्ही खिडकीपाशी ठेवलं, फलाट एकच्या समोर.

आज सोमवार. दहा वाजता मी खाली गेलो. इम्रानभाई फलाट दोनवर पार्सल घेऊन उभे होते, निघत नव्हते. का, ते आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. मग जनाक्काने हात पुसले आणि कठड्यावर दोनदा थाप मारली. ते गेले.

तीन टेबलं विकायला काढली आहेत. ॲपवर सव्वीस पदार्थ आहेत आणि ते आता बदलणार नाहीत. मुक्कामीचा खण खिडकीतल्या टेबलावर आहे. त्यातलं एक कार्ड जनाक्का रोज सकाळी काढणार आहे. आज थालीपीठाचं काढलं. फळ्यावर एकच ओळ आहे. ती मी लिहिली.